ढिली दोरी

१

आमच्या लोणारला एक तळं आहे आणि त्यात मासा नाही. ही गोष्ट गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पाणी खारट, रंग हिरवट, वास सडक्या अंड्यांचा. म्हैस ज्या पाण्याला तोंड लावत नाही, त्यात मासा कशाला राहील? तरी दरवर्षी कुणीतरी हॅटवाला साहेब मुंबईहून नाहीतर कलकत्त्याहून येतो, काठावर वाकून बाटल्या भरतो, हा खड्डा आकाशातून पडलेल्या दगडाने झाला की जमिनीतल्या आगीने, यावर बरोबरच्या साहेबाशी भांडतो, आमच्या ओसरीवर चहा पितो आणि जातो. खड्डा आहे तिथेच राहतो. शिकलेल्या माणसांना एवढा रिकामा वेळ सरकार कसा देतं, हे मला कोडंच आहे.

आणि अशा तळ्याकाठी, भर मे महिन्यात, माझी सख्खी बहीण गळ टाकून बसायची.

सिंधू माझ्याहून धाकटी. तिला दिली देऊळघाटच्या माणिकरावांना, आणि त्या गृहस्थाने नोकरी कुठे धरावी? मीठ खात्यात. घरची काळी कसदार जमीन भावांच्या हवाली करून हा माणूस कोकणात मिठागरांच्या बांधावरून छत्री घेऊन फिरू लागला. सिंधूचा सगळा संसार तिकडेच झाला. मूलबाळ नाही. तिथल्या बायकांच्या नादाने तिला गरवायचा छंद लागला. गरवणं म्हणजे दोरीला गळ लावायचा, गळाला आमिष, आणि खडकावर बसून दोरी समुद्रात सोडायची. उन्हाळ्यात भरती चढली की मासळी खडकांपर्यंत चरायला येते म्हणे. मी समुद्र पाहिलेला नाही, पाहायची हौसही नाही. ज्या पाण्यावर ज्वारीचं एक ताट वाढत नाही, त्याचं कौतुक करायला माणूस रिकामटेकडाच हवा.

नवं राज्य झालं, पाठोपाठ जिल्हा परिषदा आल्या, जो तो खादीचा सदरा शिवून पुढारी झाला, त्याच या दिवसांतली ही गोष्ट. यंदाच्या चैत्रात माणिकराव राजीनामा देऊन, सिंधूला आणि एका पत्र्याच्या पेटीला घेऊन एस.टी.तून आमच्या दारात उतरले.

"हिची तब्येत बरी नाई, अर्जुनभाऊ," ते म्हणाले. "समुद्रापासून लांब ठेवाची आहे."

"मंग बरोब्बर जागी आले तुमी," मी म्हणालो. "अठी पेयाले पानी नाई, समुद्र कुठून येईन?"

माणिकराव हसले. सुटल्यासारखे हसले. मला तेव्हाच त्यांचा राग आला. जावई म्हणून अहो-जाहो करायचं, पहिलं ताट त्यांना वाढायचं, आणि मनात जे म्हणायचं ते मनातच ठेवायचं, अशी आमच्याकडची रीत आहे. मी ती पाळतो.

२

जेवणं झाली की उन्हाळ्यात आमचं गाव आडवं होतं. कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. नेमकी तीच वेळ धरून सिंधू आणि तिचा नवरा खड्ड्याची वाट उतरायचे. हे मला आधी माझ्या बायकोने, रुखमाने, सांगितलं. मी लक्ष दिलं नाही. मग बाजारात किराणा दुकानदार पंजाबराव गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "काय अर्जुनराव, बहिणीनं मासोळी धाडली का नाई घरी?" आणि दुकानातली सगळी टोळकी खिदळली. पंजाबरावच्या तराजूचं काय गौडबंगाल आहे ते मला ठाऊक आहे, तरी त्या दिवशी मान खाली घालून मलाच परतावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या मागोमाग खाली उतरलो. पाणी उन्हाळ्यात आटून मागे सरलेलं असतं आणि काठावर पांढरा खार पापडासारखा सुकतो. पायाखाली तो करकरत होता. वारा अजिबात नव्हता. पाण्याजवळच्या एका काळ्या खडकावर सिंधू पाय दुमडून बसली होती, आणि माणिकराव मागे उभे राहून तिच्या डोक्यावर छत्री धरून होते. देवळातल्या मूर्तीवरही कुणी इतका वेळ छत्र धरत नसेल.

"हे काय चालू आहे, सिंधू?" मी विचारलं. "लोकं हासून राह्यले."

"हासू दे," ती म्हणाली. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. सुती दोरी तिच्या तर्जनीवरून पाण्यात गेली होती. दोरीचं उरलेलं वेटोळं खडकामागे पडलं होतं, मोकळं, कशालाही न बांधलेलं. मला तेच आधी खटकलं. आमच्या घरात मोकळी दोरी कुणी ठेवत नाही. दोरी म्हटली की तिचं एक टोक खुंट्याला.

"शेपूट बांधत काऊन नाई?"

"बांधाचं नसते, दादा. दोरी हातात धराची. आपल्यापेक्षा मोठं काई लागलं त सोडून द्याची. बांधली का मंग आपन धरतो का आपल्याले धरते, हे समजत नाई."

"अन् मोठं काय लागनार अठी? बेंडकुळी बी नाई या पान्यात."

"मासा नाई," सिंधू म्हणाली. "ओढ आहे."

मी हसलो. मग तिने गरवण्याच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली, आणि खरं सांगायचं तर मला ते ऐकायला आवडलं, कारण इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा एवढं बोलत होती. लहान मासा टोचे मारतो. मोठा मासा आधी नुसता जड होतो. "लय मोठी मासोळी असली त लगेच नाई ओढाची. थकली नाई तं दोरी तोडते. मंग थोडी ढील द्याची. तिले वाटलं पाह्यजे का आपन सुटलो. ते निवांत होते, गोल फिरते, अन् मंग..." तिने मूठ हळूच मिटली.

बोलता बोलता ती थांबली. तिच्या बोटावरची दोरी ताठ झाली होती. झटका नाही, टोचा नाही, नुसती ताठ. सिंधूने क्षणभर डोळे मिटले आणि बोट उघडलं. दोरी तिच्या हातातून निघाली, वेटोळं सुटत गेलं, शेवटचं टोक खारावरून सरसरत पाण्यात शिरलं आणि दिसेनासं झालं. पाण्यावर एक तरंगही उठला नाही.

"चला," माणिकराव म्हणाले आणि त्यांनी छत्री मिटली.

गळाला बांधलेल्या शिशाच्या वजनाने दोरी बुडाली, एवढंच. तळ उताराचा असणार, शिसं घसरत गेलं आणि दोरी मागून गेली. मी हे त्यांना समजावून सांगितलं. दोघांनीही माना डोलावल्या, वेड्याचं बोलणं ऐकून डोलावतात तशा. उठताना माझं लक्ष खडकाकडे गेलं. आम्ही आलो तेव्हा त्याचा पायथा कोरडा होता, पांढरा खार चढलेला. आता तो हातभर ओला होता.

३

सिंधूला आम्ही धान्याची खोली दिली होती. गोठ्यासमोर आहे, अंगणाच्या पलीकडे, जाड मातीच्या भिंतींची. उन्हाळ्यात घरातली सगळ्यात गार जागा तीच. एका सकाळी रुखमा सारवायला गेली आणि तशीच हात शेणाचे घेऊन माझ्याकडे आली.

"अहो, ताईच्या खोलीले लोणा लागला."

मातीच्या भिंतीला लोणा लागतोच. जमिनीतला खार ओलीबरोबर वर चढतो आणि भिंतीचे पोपडे पडतात. यात सांगत सुटण्यासारखं काही नाही, असं मी म्हणालो, आणि रुखमाची समजूत पटावी म्हणून पाहायला गेलो.

लोणा नेहमी वेडावाकडा चढतो. एका कोपऱ्यात जास्त, दुसऱ्यात कमी. हा चारी भिंतींवर एका रेषेत होता. गवंड्याने ओळंबा लावून काढावी तशी पांढरी रेघ, घोट्याच्या वर. भिंतीवरून ती दाराच्या फळीवर आली होती, फळीवरून ज्वारीच्या पोत्यांवर, पोत्यांवरून पत्र्याच्या पेटीवर. दांडीवर वाळत घातलेलं सिंधूचं लुगडं खालपर्यंत लोंबत होतं. त्याच्या काठावरही तीच रेघ, त्याच उंचीला.

मी रेघेवर बोट फिरवून जिभेला लावलं. खारट. लोणा खारटच असतो.

"पत्र्याले कुठं लोणा लागते?" रुखमा म्हणाली.

"तुले काय समजते," मी म्हणालो. बायकांना प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसतंच. मी खरवडणी घेऊन चारी भिंती स्वतः खरवडल्या, पोती झटकली, पेटी पुसली. घाम निथळला. दुसऱ्या दिवशी रेघ पुन्हा होती, गुडघ्याच्या खाली. माठातलं पाणीही त्या दिवसापासून मचूळ लागायला लागलं, पण माठ जुना होता.

जेवताना सिंधू भाकरीचा एक तुकडा घेऊन तोच चिवडत बसायची. हाडं वर आली होती. लहानपणी ही माझ्या ताटातली भाकरी ओढून खायची, आणि मी ओरडलो की आईकडे जाऊन माझंच नाव सांगायची. आता मी माझ्या हाताने तिच्या ताटात भाजी वाढायचो आणि ती तशीच राहायची. ही अशीच झिजत गेली तर पावसाळा काढत नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं. त्याला कारण तो भिकार खड्डा आणि छत्री धरणारा तिचा नवरा, हेही तितकंच स्पष्ट दिसत होतं.

४

मी माणिकरावांना गाठलं ते सकाळी, धारेवर. तिथे डोंगरातून गोडं पाणी पडतं. ते अंग पुसत होते. मी आडपडदा ठेवला नाही.

"जवाई, तुमी शिकले-सवरले. तुमाले हे थांबवता येत नाई?"

ते बराच वेळ पंचा पिळत राहिले. पिळून पिळून पाणी संपलं तरी पिळत होते.

"तिकडं ते खडकावर बसली होती," ते म्हणाले. "गेल्या उन्हाळ्यात. काई तरी मोठं लागलं. तिनं सोडलं नाई. हट्टी आहे, तुमची बहीन. हातावर वेढा घेतला अन् ओढत बसली. मंग ते पान्यात गेली. आमी होड्या घातल्या. लोकं बुड्या मारून राह्यले, मी काठावर. सूर्य असा डोक्यावर होता, तो पार खाली उतरला. मंग ते आपल्यानं वर आली, त्याच खडकाजवळ. उभी. श्वास चालू. मनगटावर वळ."

"मंग कुठं कपारीत अडकली असन. कपारीत हवा असते."

"असन," माणिकराव म्हणाले. "मी बी असंच म्हनतो. म्हनून तिले अठी आनली. नकाशात पाह्यलं, समुद्र जिथून सगळ्यात लांब. तुमच्या या खाऱ्या पान्याच्या तयाचं माह्या ध्यानातच आलं नाई. तयं त तयं, असं वाटलं. एस.टी.तून उतरल्याबरोबर तिनं वास घेतला अन् म्हने, अठी बी आहे." त्यांनी पंचा खांद्यावर टाकला. "दुपारी जाऊन दोरी दिली का त्या दिवसापुरतं ते परत जाते. नाई गेलो एक दिवस. त्याच दिवशी भिंतीवर रेघ आली."

असं म्हणून हा सरकारी नोकरी केलेला, धोतर इस्त्री करून नेसणारा माणूस माझ्यासमोर लहान पोरासारखा रडायला लागला. मला त्याची दया यायला हवी होती. मला किळस आली. रोज एक दोरी पाण्यात फेकायची, रोज बायको थोडी कमी झालेली पाहायची, आणि हातात काय, तर छत्री! आमच्या घरात असा माणूस जन्मला असता तर वडिलांनी त्याला बैलाबरोबर जुंपला असता.

ठरवलं, की हे आपणच संपवायचं. दोरी सोडते म्हणून तिला वाटतं कुणीतरी नेली. दोरी जागच्या जागी राहिली, संध्याकाळी आपण ती ओढून काढली आणि गळ रिकामा दाखवला, की भूत उतरलं.

५

आमच्या घराची एक गाठ आहे. दोन वेढे, शेपूट उलटं आत, आणि मग एक झटका. बैल जेवढा ओढेल तेवढी ती आवळत जाते. आजोबांनी वडिलांना शिकवली, वडिलांनी मला. गावात दुसऱ्या कुणाला येत नाही आणि मी कुणाला शिकवतही नाही. ती सोडवायची युक्ती आहे, पण दोरी ढिली असेल तेव्हाच.

त्या दुपारी मीही त्यांच्याबरोबर गेलो. सिंधूने दोरी पाण्यात टाकली. माणिकरावांनी छत्री उघडली. मी खडकामागच्या बाभळीच्या सावलीत बसल्याचं सोंग केलं आणि वेटोळ्याचं शेपूट हळूच मागे ओढून बाभळीच्या बुंध्याला बांधलं. दोन वेढे, शेपूट आत, झटका. बाभूळ जुनी होती, माझ्या मांडीएवढी जाड.

खूप वेळ काही झालं नाही. खारावर ऊन पडून डोळे दिपत होते. मग सिंधूचं बोट ताठ झालं, तिने डोळे मिटले आणि दोरी सोडली. वेटोळं सुटत गेलं. सुटत सुटत संपलं, आणि दोरी हवेत उचलली जाऊन ताणली गेली. तिचा आवाज झाला, पिंजाऱ्याच्या तारेसारखा. बाभळीच्या वाळल्या शेंगा खाली पडल्या.

सिंधूने मागे वळून आधी दोरीकडे पाहिलं, मग बुंध्याकडे, मग माझ्याकडे.

"दादा," ती म्हणाली. "काय केलं रे तू हे?"

"काई नाई केलं. दगडात अडकला गळ. पाह्य, कुठं काय आहे?"

माणिकराव छत्री टाकून धावले. त्यांच्या खिशात सुपारीचा अडकित्ता होता, तोच ते दोरीला लावायला निघाले. सिंधूने त्यांचा हात धरला. "राहू द्या," ती म्हणाली. "आता कापून काई फायदा नाई. त्याले समजलं, कोनी तरी धरून आहे."

दोरी गुणगुणत होती. मी तिला हात लावला. सांगायला हरकत नाही, मला वाटलं होतं दगडात अडकलेली दोरी ताठ आणि मेलेली लागेल. ती तशी नव्हती. तिच्यातून काहीतरी येत होतं, सावकाश, पुन्हा पुन्हा. झोपलेल्या जनावराच्या पोटावर हात ठेवल्यावर लागतं तसं. उष्म्याने दोरी आखडते, असं मी मोठ्याने म्हणालो.

आम्ही वर निघालो. सिंधू माझ्या पुढे होती. ती पाण्यात उतरली नव्हती, खडकावर कोरडी बसली होती, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी तापलेल्या वाटेवर तिचं प्रत्येक पाऊल ओलं उमटत होतं, आणि ते ओलं वाळत नव्हतं.

६

दुसऱ्या दिवशी सिंधू खोलीतून बाहेर आली नाही. झोपू दे, मी म्हणालो, आणि जेवण आटोपून दोरी काढायला एकटाच खाली गेलो. रिकामा गळ तिच्या हातात ठेवायचा होता.

बाभळीला दोरी नव्हती. बुंध्यावर साल निघून गोल चट्टा पडला होता. पाणी स्वस्थ होतं. मी तिथेच खदखदून हसलो. तुटली! एवढा गाजावाजा आणि शेवटी सडकी दोरी तुटली. माणिकरावांना काय काय ऐकवायचं हे जुळवत मी वर आलो. गावाच्या गल्ल्या ओस होत्या. घराच्या दारातच बैलांचं फुरफुरणं ऐकू आलं.

गोठ्यात दोन्ही बैल उभे होते, माना ताणून, भिंतीला अंग लावून. जेवढं लांब जाता येईल तेवढं लांब गेले होते. मधल्या खुंट्यापासून. त्या खुंट्याला बैलाच्या दाव्यावर दुसरी एक दोरी बांधलेली होती. सुती. ओली. दोन वेढे, शेपूट उलटं आत.

मी ती गाठ बांधलेली नव्हती. पण ती माझीच गाठ होती.

दोरी खुंट्यापासून अंगण ओलांडून गेली होती, कमरेइतक्या उंचीवर, ताठ, आणि सिंधूच्या दाराच्या फटीतून आत. दारासमोर माणिकराव फतकल मारून बसले होते. त्यांची उजवी बाही खांद्यापर्यंत भिजलेली होती. सकाळी ओसरीवर ठेवलेला आमचा विळा जागेवर नव्हता. मी विचारलं, "विळा कुठं आहे?" त्यांनी मान हलवली. त्या विळ्याबद्दल ते आजतागायत बोललेले नाहीत.

मी फटीला डोळा लावला.

खोलीत पाणी नव्हतं. हे मी आधी सांगतो, कारण मी तेच आधी पाहिलं. जमीन कोरडी, पोती कोरडी, वरच्या झरोक्यातून उन्हाचा पट्टा पडलेला आणि त्यात धूळ. सिंधू खोलीच्या मधोमध पाठमोरी होती. तिचे केस मोकळे होते आणि वर गेलेले होते. वर, आणि सावकाश एका बाजूला, मग सावकाश दुसऱ्या बाजूला. पदरही तसाच. टाचा जमिनीला लागलेल्या नव्हत्या. दोरी तिच्या मनगटाला वेढा घेऊन पुढे समोरच्या भिंतीकडे गेली होती, आणि तिथे, जिथे भिंत असायला हवी, मला भिंत दिसली नाही. हिरवट अंधार होता. त्यात दोरीच्या टोकाला काहीतरी होतं, ते आतापर्यंत पाठमोरं असावं, कारण मी डोळा लावल्यावर ते वळायला लागलं.

मी डोळा काढून घेतला. उन्हातून आलेल्या माणसाला अंधारात नजरबंदी होते, हे कुठलाही डॉक्टर सांगेल. मी अंगणात उभा राहून हे स्वतःला दोनदा सांगितलं. मग खुंट्याजवळ गेलो, गाठीला हात घातला, आणि काढून घेतला. दोरीच्या एका टोकाला माझा खुंटा होता, दुसऱ्या टोकाला ते, आणि मध्ये माझी बहीण. गाठ सुटली तर ती कुठल्या बाजूला जाईल हे समजायला शाळा शिकावी लागत नाही.

७

तेव्हापासून रोज दुपारी मी खुंट्याजवळ बसतो. सकाळी सिंधू बाहेर येते, वेणी घालते, रुखमाशी बोलते. दोरी तेव्हाही तिच्या मनगटाला असते. अंगणात फिरताना ती दोरी हाताने उचलून धरते, बाई पदर सावरते तशी. दुपारी दार आतून लागतं आणि खुंटा कुरकुरायला लागतो. मी तो दगडाने ठोकून पक्का केला आहे. पंजाबरावने एकदा बोलावणं पाठवलं, अर्जुनराव आजारी आहेत का म्हणून. मी निरोप दिला की स्वतःचा तराजू सांभाळ.

माणिकराव पहिले काही दिवस म्हणत राहिले, "सोडा, अर्जुनभाऊ. सोडून द्यावं लागते. तिकडची रीतच आहे." त्यांच्याकडे मी नुसतं पाहायचो. सोडायला ते आहेतच. त्यांनी आयुष्यात दुसरं केलंय काय?

परवापासून दोरी ढिली आहे.

परवा दुपारी ती खुंट्यापासून एकदम खाली आली, अंगणात पडली आणि पडूनच राहिली. बैल दावणीवर परत आले आणि कडबा खायला लागले. खोलीच्या भिंतीवरची रेघ वाळून गळून पडली. सिंधू दार उघडून भर दुपारी बाहेर आली आणि म्हणाली, भूक लागली. दोन भाकरी खाल्ल्या, वर ताक प्यायली. रुखमाने तिची दृष्ट काढली. माणिकरावांनी तर पेढे आणून वाटले, पंजाबरावलासुद्धा. आज सकाळपासून ते पत्र्याची पेटी बांधत आहेत. उद्याच्या एस.टी.ने देऊळघाटला जायचं म्हणतात, भावाकडे, शेतावर.

"सुटलो आपन, अर्जुनभाऊ," ते मघाशी म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं. "गेलं ते. आता ते गाठ तेवढी सोडून द्या. ढिली आहे, सुटन आता."

सुटेल, हे खरं. ढिली असतानाच ती सुटते. पण ढील कधी आणि कशासाठी देतात, हे सिंधूने मला खडकावर सांगितलं होतं. सिंधू उंबऱ्यावर बसून सुपात ज्वारी पाखडत होती. ती पाखडायची थांबली. नवऱ्याकडे न बघता तिने अंगणात पडलेल्या दोरीकडे पाहिलं, दारापासून खुंट्यापर्यंत, आणि मग माझ्याकडे. लहानपणी झाडावर चढून उतरता येईनासं झालं की ती असंच पाहायची.

"दादा," ती हळू आवाजात म्हणाली. "गाठ पक्की आहे ना?"

"हाव," मी म्हणालो.

मी पेटी बांधणाऱ्या त्या माणसाकडे पाठ केली आणि खुंट्याजवळ येऊन बसलो आहे. दोन्ही हातांत दोरी धरली आहे. ऊन डोक्यावर आलं आहे, आणि बैलांनी खायचं थांबवलं आहे.